कर्करोगाच्या किती रुग्णांपर्यंत तज्ज्ञ पॅलिएटिव्ह केअर पोहोचते? मोजणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश आणि मनाची घालमेल यांतून कर्करोगाच्या रुग्णाची सुटका व्हावी, यासाठी खास प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि समाजसेवक एकत्र काम करतात; या सेवेला तज्ज्ञ पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. असे पथक किती रुग्णांपर्यंत पोहोचते, हा प्रश्न ऐकायला साधा आहे. मात्र उत्तर शोधायला गेले की एकाच प्रदेशासाठी, एकाच वर्षासाठी ६ टक्के, १८ टक्के आणि ३४ टक्के अशी तीन उत्तरे हाती येऊ शकतात, आणि ती देणाऱ्या तिघांनीही आपापले काम प्रामाणिकपणे केलेले असते. असे का होते आणि त्यातून वाट कशी काढायची, याविषयी रुग्णालयांत, कर्करोग नोंदणीच्या कामात आणि आरोग्य नियोजनात असलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘तज्ज्ञ’ पॅलिएटिव्ह केअर कशाला म्हणायचे?

युरोपातील पॅलिएटिव्ह केअर संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक दस्तऐवजात सेवेचे स्तर वेगळे केले आहेत. कोणत्याही वॉर्डातील डॉक्टर किंवा परिचारिका जी समजूतदार, लक्षणांकडे लक्ष देणारी सेवा करतात तो पहिला स्तर होय. ज्यांच्याकडे असे रुग्ण वारंवार येतात, उदाहरणार्थ कर्करोगतज्ज्ञ किंवा कुटुंबाचे डॉक्टर, त्यांनी काही प्रशिक्षण घेऊन दिलेली सेवा हा दुसरा स्तर. ज्यांचे मुख्य काम हेच आहे अशा बहुविध पथकाने दिलेली सेवा म्हणजे तज्ज्ञ सेवा. त्यात रुग्णालयातील सल्लागार पथक, स्वतंत्र पॅलिएटिव्ह वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग, घरी जाणारे पथक आणि हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरच्या काळातील रुग्णांची काळजी घेणारी सेवा) हे सर्व येतात.

मोजणी सुरू करण्यापूर्वी आपल्या भागातील अशा सेवांची यादी कागदावर उतरवावी आणि कोणती सेवा धरली, कोणती सोडली, हे अहवालात लिहावे. कर्करोगतज्ज्ञाने स्वतः मॉर्फिन सुरू केले, तर रुग्णाला आराम मिळाला हे खरेच, तरीही तज्ज्ञ सेवेच्या मोजणीत ती नोंद येत नाही. पहिल्या दोन स्तरांवरील कामाला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज करून एकच आकडा सांगितला, तर दोहोंविषयीही काही कळत नाही, एवढेच म्हणायचे आहे.

मुळात हे मोजण्याची गरज काय?

या सेवेचा लाभ होतो याला चांगला पुरावा आहे आणि ती वेळेवर मिळत नाही यालाही. २०१० मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इतर अवयवांत पसरलेला फुप्फुसाचा कर्करोग नुकताच निदान झालेल्या १५१ रुग्णांपैकी अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली. त्यांच्या जीवनाची गुणवत्ता अधिक चांगली राहिली, नैराश्य कमी आढळले, शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी झाले आणि जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो) ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने भरला. त्यानंतर अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये अशी शिफारस केली की, कर्करोग पुढच्या अवस्थेत असल्याचे कळलेल्या रुग्णाला निदानापासून आठ आठवड्यांच्या आत या सेवेशी जोडून द्यावे. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनेही ठराव करून सदस्य देशांना ही सेवा आरोग्यव्यवस्थेत सामावून घेण्याचे आवाहन केले.

शिफारस आणि ठराव झाले, तरी ते रुग्णाच्या खाटेपर्यंत उतरले की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. जी सेवा मोजली जात नाही तिच्यासाठी पदे मंजूर होत नाहीत, जागा मिळत नाही, औषधांची तरतूद होत नाही. ज्या माणसाने शेवटचे तीन आठवडे न शमलेल्या वेदनेत काढले, त्याचे ते दुःख कोणत्याही तक्त्यात उमटत नाही. तक्रार करायला तो उरत नाही आणि घरच्यांना असे काही मिळू शकले असते याची कल्पनाही नसते. म्हणूनच ही मोजणी काळजीपूर्वक व्हायला हवी.

छेद कोणता घ्यावा?

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. समजा, एका प्रदेशात वर्षभरात २,००० जणांना कर्करोगाचे नवे निदान झाले, ९०० जणांचा कर्करोगाने मृत्यू झाला आणि त्या वर्षात कर्करोगासह जगत असलेल्यांची एकूण संख्या ६,००० होती. तज्ज्ञ पथकांनी ३६० जणांना पाहिले. त्यांतील ३०६ जण त्याच वर्षी वारले. आता कर्करोगासह जगणाऱ्या सर्वांना छेद मानले तर ६ टक्के येतात. नव्या निदानांना छेद मानले तर १८ येतात. मृतांना छेद मानून ३०६ ला ९०० ने भागले तर ३४ टक्के येतात.

यांतील १८ हा आकडा तर खऱ्या अर्थाने टक्केवारीच नाही. त्या ३६० जणांपैकी अनेकांचे निदान आधीच्या वर्षांतले असते, म्हणजे अंशातील माणसे छेदात नसतातच. असे गुणोत्तर आरोग्य खात्यांच्या अहवालांत सर्रास दिसते आणि ते टाळायला हवे. अंशातील प्रत्येक व्यक्ती छेदातही असली पाहिजे, हा नियम कधीही मोडू नये. ६ टक्क्यांत हा दोष नाही. पण त्या छेदात लवकर निदान होऊन बरे झालेलेही आहेत, ज्यांना या सेवेची गरज बहुधा नव्हती. त्यामुळे तो आकडा परिस्थिती असते त्याहून वाईट दाखवतो.

व्यवहारात दोन छेद उपयोगी ठरतात. एक म्हणजे ठरावीक काळात कर्करोगाने मृत्यू पावलेले सर्व प्रौढ रुग्ण. दुसरा म्हणजे निदानाच्या वेळीच कर्करोग इतर अवयवांत पसरलेला होता असे सर्व रुग्ण. शक्य असेल तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत.

मृतांचा छेद घेताना मृत्यूच्या दाखल्यावर कर्करोग हे मूळ कारण आहे की नुसता उल्लेख आहे, हेही ठरवावे लागते. पोटाचा कर्करोग असलेली व्यक्ती अपघातात गेली, तर ती छेदात नको. तीच व्यक्ती कर्करोगाने खालावून शेवटी न्यूमोनियाने गेली आणि दाखल्यावर केवळ न्यूमोनिया लिहिला गेला, तर ती छेदात असायला हवी होती. म्हणूनच मृत्यूचे दाखले आणि कर्करोग नोंदणी एकमेकांशी जोडून पाहणे केवळ दाखल्यांवर विसंबण्यापेक्षा बरे. त्वचेच्या कर्करोगांपैकी मेलॅनोमा हा घातक प्रकार सोडून इतर प्रकार सहसा वगळले जातात; ते वगळले असतील तर तसे नमूद करावे.

अंशात कोणाला मोजायचे? नाव पाठवले त्याला, भेट झाली त्याला, की दाखल झाला त्याला?

एका काल्पनिक रुग्णाच्या नोंदी पाहू. २ मार्चला कर्करोगतज्ज्ञाने तज्ज्ञ पथकाकडे चिठ्ठी लिहिली. ११ मार्चला पथकातील परिचारिकेने फोनवर विचारपूस केली. १५ मार्चला रुग्ण दुसऱ्याच कारणासाठी वॉर्डात आला आणि त्या दिवशी पथकाच्या डॉक्टरांनी त्याला पहिल्यांदा तपासले. १६ आणि १८ मार्चला पुन्हा भेटी झाल्या. २२ मार्चला घरी जाणाऱ्या पथकाने त्याचे नाव आपल्या वहीत घेतले. ३० मार्चला हॉस्पिसमध्ये दाखल केले आणि ३ एप्रिलला मृत्यू झाला.

या एका माणसाच्या नोंदी तीन सेवांच्या तीन वह्यांत विखुरलेल्या आहेत. भेटी मोजल्या तर वॉर्डातल्याच तीन भरतात, सेवा मोजल्या तर तीन, माणसे मोजली तर एक. वेगवेगळ्या पथकांनी आपापल्या वार्षिक बेरजा पाठवल्या आणि वरच्या कार्यालयाने त्या जोडल्या, तर हा एकच रुग्ण तीनदा मोजला जातो. म्हणून व्यक्तीची ओळख पटवणारा एकच क्रमांक सर्व नोंदींत असणे ही या मोजणीची पहिली गरज आहे. तो नसेल तर जन्मतारीख, नाव आणि पत्ता यांवरून जुळणी करावी लागते आणि त्यात किती नावे निसटली याचा अंदाज द्यावा लागतो.

सेवा सुरू झाल्याची तारीख २ मार्च, ११ मार्च, १५ मार्च की २२ मार्च? माझे मत स्पष्ट आहे. तज्ज्ञ पथकातील कोणीतरी रुग्णाला समोरासमोर, किंवा ठरवून केलेल्या दृक्‌श्राव्य भेटीत, पाहून त्याच्या त्रासाचे मूल्यमापन केले तो दिवस धरावा. येथे तो १५ मार्च. चिठ्ठी लिहिल्याचा दिवस धरला तर कागद सेवेच्या जागी बसतो. तरीही ती तारीख टाकून देऊ नये, कारण चिठ्ठी आणि भेट यांमधले १३ दिवस हा स्वतंत्र आणि फार बोलका आकडा आहे. डेन्मार्कमध्ये २०१० पासून चालणाऱ्या राष्ट्रीय पॅलिएटिव्ह नोंदणीत पाठवलेल्यांपैकी किती जणांना सेवा प्रत्यक्ष मिळाली आणि किती जणांना दहा दिवसांच्या आत मिळाली, हे दोन्ही निर्देशक म्हणून पाहिले जातात.

रुग्णालयाच्या संकेतांकांवरून ही मोजणी करता येते का?

करता येते, पण सावधपणे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पॅलिएटिव्ह केअरसाठी ‘झेड ५१.५’ हा संकेतांक आहे. रुग्ण घरी गेल्यावर त्याची फाइल वाचून संकेतांक भरणारा कर्मचारी तो बहुधा दुय्यम निदान म्हणून नोंदवतो. त्यातून दोन अडचणी येतात. पथकाने रुग्णाला पाहिले असूनही संकेतांक भरायचा राहतो, विशेषतः जेथे त्यामुळे रुग्णालयाला मिळणाऱ्या रकमेत फरक पडत नाही. उलट, उपचार थांबवून केवळ आराम द्यायचे ठरले तेव्हा तज्ज्ञ पथक आले नसतानाही तोच संकेतांक पडतो. शिवाय बाह्यरुग्ण विभागातील आणि घरच्या भेटी दाखल रुग्णांच्या नोंदींत दिसतच नाहीत.

विम्याच्या दाव्यांवरून मोजणी करताना त्या देशाचे नियम लक्षात घ्यावे लागतात. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात हॉस्पिसचा लाभ घ्यायचा असेल तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरल्याचे डॉक्टरांना प्रमाणित करावे लागते आणि रुग्णाला रोग बरा करण्यासाठीचे उपचार सोडावे लागतात. त्यामुळे तेथील हॉस्पिसचा आकडा आणि सल्लागार पथकाचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीसाठी ‘पॅलिएटिव्ह’ हा एकच शब्द वापरून तुलना करणारे लेख वाचताना हे आधी तपासावे.

संकेतांक अपुरे आहेत हे ठाऊक असेल तर आकडा दुरुस्त करता येतो का?

होय. त्यासाठी काही रुग्णांच्या फायली प्रत्यक्ष वाचून संकेतांक किती अचूक आहे ते पाहावे लागते. ज्यांना सेवा खरोखर मिळाली त्यांपैकी किती जणांच्या नोंदीत संकेतांक आहे ती त्याची संवेदनशीलता, आणि ज्यांना मिळाली नाही त्यांपैकी किती जणांच्या नोंदीत तो नाही ती विशिष्टता. समजा, संवेदनशीलता ६० टक्के आणि विशिष्टता ९७ टक्के निघाली, आणि संकेतांकांवरून २४ टक्के रुग्णांना सेवा मिळाल्याचे दिसते. दिसणाऱ्या प्रमाणात विशिष्टता मिळवून त्यातून एक वजा करावा, म्हणजे ०.२४ अधिक ०.९७ वजा १ बरोबर ०.२१, आणि त्याला संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा १, म्हणजे ०.५७ ने भागावे. उत्तर सुमारे ०.३७. दिसत होते २४ टक्के, खरे प्रमाण ३७ च्या आसपास आहे.

एका रुग्णालयात काढलेली संवेदनशीलता दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. संकेतांक भरण्याची सवय जागोजागी बदलते.

डॉक्टरांच्या टिपणांत ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द संगणकाने शोधला तर?

केवळ शब्द शोधून मोजणी केली तर ती हमखास फुगते. ‘पॅलिएटिव्ह केमोथेरपी’, ‘हाडाच्या वेदनेसाठी पॅलिएटिव्ह रेडिएशन’ या नोंदी उपचाराचा हेतू सांगतात, पथकाची भेट सांगत नाहीत. ‘पॅलिएटिव्ह केअरविषयी समजावले, नातेवाइकांनी नकार दिला’ या ओळीतही तोच शब्द आहे आणि अर्थ अगदी उलट. शब्दशोध वापरायचाच असेल तर सापडलेल्या ओळींचा नमुना माणसाने वाचून पाहावा. सर्वांत विश्वासार्ह ठरते ती पथकाची स्वतःची वही. वेळापत्रकात ‘भेट ठरली’ एवढेच असते, वहीत भेट झाल्याचे असते.

मृत्यूपासून मागे जाऊन मोजणे योग्य आहे का?

मृतांची यादी घेऊन त्यांच्या शेवटच्या काही महिन्यांतील नोंदी तपासणे सोपे असते, आणि बहुतेक अहवाल याच पद्धतीने तयार होतात. २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधक पीटर बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतला. मृतांपासून मागे गेल्यावर दिसणारे चित्र आणि निदानापासून पुढे गेल्यावर दिसणारे चित्र यांत फरक पडतो, कारण दोन गटांतील माणसेच वेगळी असतात, असे त्यांनी दाखवले. डॉक्टरांपुढे बसलेला रुग्ण आणखी किती दिवस जगणार हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसते. आपण मात्र मागे वळून ‘शेवटचे तीस दिवस’ म्हणतो, जणू ते तीस दिवस तेव्हा कोणाला दिसत होते.

हा आक्षेप योग्य आहे. तरीही ही पद्धत सोडून द्यावी असे मला वाटत नाही. एखाद्या प्रदेशातील व्यवस्थेने मरणाऱ्यांची कितपत काळजी घेतली हे पाहायचे असेल, तर मृतांचा छेद उपयोगी आणि प्रामाणिक आहे. एखाद्या डॉक्टरचा निर्णय चुकला की बरोबर होता, किंवा सेवेमुळे आयुष्य वाढले का, हे त्यावरून ठरवू नये. आयुष्य वाढले का, या प्रश्नात आणखी एक सापळा आहे. ज्यांना सेवा मिळाली ते ती मिळेपर्यंत जिवंत होतेच, त्यामुळे त्यांचा गट आपोआपच अधिक जगलेला दिसतो.

निदानापासून पुढे मोजताना मधेच मृत्यू झालेल्यांचे काय करायचे?

त्यांना गणितातून हळूच काढून टाकू नये. समजा, पसरलेल्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा वर्षभर माग ठेवला. पहिल्या सहा महिन्यांत १८० जणांना तज्ज्ञ सेवा मिळाली आणि १७० जण ती न मिळताच वारले. पुढच्या सहा महिन्यांत १२० जणांना सेवा मिळाली आणि ८० जण न मिळता गेले. वर्षअखेर ४५० जण हयात आहेत, पण सेवेविना. सेवा मिळालेले ३०० म्हणजे ३० टक्के, हे सरळ उत्तर आहे.

जगण्याच्या अभ्यासात नेहमी वापरल्या जाणाऱ्या कॅपलान-मायर पद्धतीत सेवेविना मेलेल्यांना ‘माग सुटलेले’ मानले, तर पहिल्या सहामाहीत १८ टक्के आणि उरलेल्या ६५० जणांपैकी १२० म्हणजे १८.५ टक्के असा हिशेब होऊन एकूण आकडा सुमारे ३३ येतो. हे वरचे तीन टक्के कोठून आले? जे वारले त्यांनाही पुढे हयात रुग्णांइतक्याच प्रमाणात सेवा मिळाली असती, असे या गणिताने परस्पर गृहीत धरले. मृत्यू ही येथे स्पर्धक घटना आहे, म्हणजे ती घडली की सेवा मिळण्याची शक्यताच संपते, आणि ती तशीच धरणारी संचयी प्रमाणाची पद्धत वापरावी. रोग जितका वेगाने बळावणारा, तितकी ही चूक मोठी होते.

सेवेविना वारलेल्या त्या २५० जणांचा आकडा अहवालात स्वतंत्रपणे द्यावा. माझ्या दृष्टीने तक्त्यातील सर्वांत महत्त्वाचा रकाना तोच आहे.

सेवा किती लवकर मिळाली हे कसे दाखवायचे?

दोन रुग्णालयांत कर्करोगाने वारलेल्यांपैकी प्रत्येकी ५० टक्के रुग्णांना तज्ज्ञ पथकाने पाहिले, असे समजा. पहिल्यात पहिली भेट आणि मृत्यू यांतील मध्यक अंतर ६० दिवसांचे, दुसऱ्यात पाच दिवसांचे. टक्केवारीच्या तक्त्यात दोन्ही सारखी दिसतील. पाच दिवसांत पथकाला वेदना आटोक्यात आणता येते, धाप थोडी कमी करता येते. पण औषधाची मात्रा हळूहळू बसवणे, घरी राहायचे की नाही हे ठरवणे, मुलांना काय आणि कसे सांगायचे यासाठी कुटुंबाला तयार करणे, यांना तेवढा अवधी पुरत नाही. म्हणून टक्केवारीसोबत हे अंतर आणि मृत्यूपूर्वी तीन दिवसांच्या आतच पहिल्यांदा सेवा मिळालेल्यांचे प्रमाण, हे दोन्ही द्यावेत. दुसरा निर्देशक संशोधक क्रेग अर्ल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हॉस्पिसच्या संदर्भात सुचवला होता आणि त्याची रूपे आजही वापरली जातात.

मध्यक अंतर केवळ सेवा मिळालेल्यांवरून निघते, हे विसरू नये. एखाद्या रुग्णालयाने उशिरा आलेल्या रुग्णांना नाकारायला सुरुवात केली, तर त्याचे मध्यक अंतर सुधारलेले दिसेल आणि रुग्णांचे हाल वाढलेले असतील. दोन्ही आकडे नेहमी जोडीने वाचावेत.

किती टक्के असायला हवेत? शंभर टक्के हे ध्येय आहे का?

नाही. ज्यांचा त्रास कर्करोगतज्ज्ञ किंवा कुटुंबाचे डॉक्टर नीट सांभाळतात, त्या सर्वांना तज्ज्ञ पथकाची गरज नसते, आणि पथके मोजकी असल्याने गरजूंना आधी जागा मिळणे न्याय्य आहे. खरा प्रश्न असा की, ज्यांना गरज होती त्यांपैकी किती जणांना सेवा मिळाली. त्यासाठी गरज मोजावी लागते. २०१६ मध्ये संशोधक डेव्हिड हुई आणि सहकाऱ्यांनी विविध देशांतील तज्ज्ञांचे एकमत घेऊन बाह्यरुग्ण सेवेकडे पाठवण्याचे ११ प्रमुख निकष मांडले. तीव्र शारीरिक लक्षणे, तीव्र मानसिक त्रास, भ्रम, मेंदूत पसरलेला रोग, मणक्यातील मज्जारज्जूवर आलेला दाब, निर्णय घेण्यात हवी असलेली मदत आणि रुग्णाची स्वतःची मागणी यांचा त्यांत समावेश आहे. अशा निकषांत बसणाऱ्या रुग्णांना छेद मानले तर मिळणारी टक्केवारी सर्वांत अर्थपूर्ण असते. ती काढायची तर लक्षणांची नोंद नियमित व्हायला हवी. कॅनडातील एडमंटनमध्ये १९९१ मध्ये तयार झालेली लक्षणांची शून्य ते दहा अशी मोजपट्टी किंवा युरोपातील १५ प्रश्नांची प्रश्नावली हे काम काही मिनिटांत करते.

सर्व कर्करोगांसाठी एकच आकडा चालेल का?

चालणार नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांपर्यंत ही सेवा इतरांच्या तुलनेत कमी आणि उशिरा पोहोचते, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत सातत्याने दिसून आले आहे. त्यांच्या आजारात बरे होण्याची आशा शेवटपर्यंत टिकून असते, प्रकृती अचानक ढासळते आणि वारंवार रक्त चढवावे लागत असल्याने त्यांना रुग्णालयापासून दूर नेणे अवघड जाते. एकूण आकड्यात हा गट झाकला जातो. वय, निवासस्थानाचे अंतर, आर्थिक स्थिती आणि एकटे राहणे यांनुसारही आकडे फोडून पाहावेत. लहान मुलांची मोजणी मात्र पूर्णपणे स्वतंत्र ठेवावी; त्यांच्या सेवा वेगळ्या आणि आजारही वेगळे असतात.

नकार देणाऱ्यांना कोठे धरायचे?

छेदात ठेवावे आणि नकार म्हणून वेगळे नोंदवावे. नकार हा रुग्णाचा अधिकार आहे. पण एखाद्या विभागातच नकार फार येत असतील, तर तेथे ही सेवा कोणत्या शब्दांत सुचवली जाते ते पाहावे. ‘आता आमच्याकडे काही उरले नाही, म्हणून तिकडे पाठवतो’ असे ऐकल्यावर कोण होकार देईल?

गेल्या काही वर्षांत आमचा आकडा दुप्पट झाला. सेवा सुधारली असे म्हणता येईल का?

लगेच नाही. संकेतांकांची आवृत्ती बदलली, ते भरण्यासाठी पैसे मिळू लागले, किंवा नवी संगणकप्रणाली आली, तरी आकडा वाढतो. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ रोजी रोगांच्या वर्गीकरणाच्या नवव्या आवृत्तीतून दहाव्या आवृत्तीत बदल झाला. त्या तारखेच्या दोन्ही बाजूंचे आकडे एका रेषेत जोडताना म्हणूनच जपावे लागते. पथकाच्या वहीतील संख्याही त्याच प्रमाणात वाढली का, हे पाहणे ही सोपी पडताळणी आहे. पथकात माणसे तेवढीच असतील आणि रुग्ण दुप्पट दिसत असतील, तर एक तर प्रत्येकाला मिळणारा वेळ निम्मा झाला आहे, किंवा वाढ फक्त कागदावर आहे.

जगभरात १४ टक्के लोकांनाच ही सेवा मिळते, तो आकडा आमच्या टक्केवारीशी ताडून पाहावा का?

नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि त्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांनाच ती मिळते. हा अंदाज सर्व गंभीर आजारांसाठी आहे. केवळ कर्करोगासाठी किंवा केवळ तज्ज्ञ सेवेसाठी नाही. त्याचा छेद वेगळा आहे.

लहान रुग्णालयाने सुरुवात कशी करावी?

मोठ्या प्रणालीची वाट पाहू नये. मागील वर्षी आपल्या रुग्णालयाच्या कर्करोग विभागात उपचार घेतलेल्या आणि कर्करोगाने वारलेल्या रुग्णांची यादी करावी. समजा ती ९० नावांची निघाली. ती पथकाच्या वहीशी जुळवून ३८ नावे सापडली, तर प्रमाण ४२ टक्के. इतक्या कमी संख्येवर नुसते ४२ म्हणणे धाडसाचे ठरेल. योगायोगाने होणारा चढउतार लक्षात घेता खरे प्रमाण साधारण ३२ ते ५३ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते, हे सोबत लिहावे. पुढच्या वर्षी ४६ टक्के आले म्हणून अभिनंदनाचे पत्रक काढू नये आणि ३८ आले म्हणून कोणाला जाब विचारू नये. अहवाल बाहेर देताना ज्या गटात मोजकेच रुग्ण आहेत त्यांचे आकडे एकत्र करावेत, म्हणजे कोणाची ओळख उघड होणार नाही.

त्यानंतर उरलेल्या ५२ जणांच्या फायली काढाव्यात. निदानानंतर पहिल्याच महिन्यात कोण गेले, कोणाचे नाव कधी पाठवलेच नाही, कोणाचे पाठवले पण भेट होण्याआधी मृत्यू झाला, कोणी नकार दिला आणि कोणाला गरज नव्हती असे नोंदींवरून दिसते, अशी विभागणी कर्करोगतज्ज्ञ आणि पॅलिएटिव्ह पथक या दोघांनी एकत्र बसून करावी. परिचारिकेने वेदनेचे आकडे सात-आठ लिहून ठेवले आहेत आणि तरीही कोणाला बोलावलेले नाही, अशी पाने त्यांत आढळली तर ती बाजूला काढून त्याच आठवड्यात वॉर्डच्या बैठकीत वाचावीत.